नव्या कोऱ्या क्रूझ जहाजावरचा पहिला दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझची तिकिटं काढली की नात्यातले, ओळखीतले लोक मला फोन करतात. मी आजवर पाच सफरी केल्या. त्यांतली दोन जहाजं अगदी नवी होती, एक तर सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. प्रश्न दर वेळी साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: पहिला दिवस जहाजाची ओळख करून घेण्यात घालवा. मजा करायला पुढचे सगळे दिवस आहेतच.

जहाज "नवं" असतं म्हणजे नेमकं काय?

प्रवासी चढतात तोवर जहाजाचं बरंच आयुष्य होऊन गेलेलं असतं. आधी पहिला पोलादी पत्रा कापतात. मग मोठमोठे तयार भाग एकमेकांना जोडून सांगाडा उभा करतात. सांगाड्याच्या तळाशी नाणी ठेवायची जुनी चाल गोद्यांमध्ये अजून पाळली जाते. पुढे सुक्या गोदीत पाणी सोडून जहाज तरंगवतात, आतली सजावट होते, समुद्रात नेऊन वेग, वळण आणि थांबण्याच्या चाचण्या घेतात आणि सगळं मनासारखं झालं की कंपनी ताबा घेते. 'आयकॉन ऑफ द सीज'चं उदाहरण घ्या. फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या गोदीत तिचा पहिला पत्रा जून २०२१ मध्ये कापला गेला, नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनीच्या हाती आली आणि २७ जानेवारी २०२४ रोजी मायामीहून पहिल्या सफरीला निघाली.

ताबा मिळाल्यावर बहुतेक कंपन्या एक-दोन छोट्या फेऱ्या आपले कर्मचारी आणि निमंत्रित पाहुणे यांना घेऊन करतात. स्वयंपाकघर एकाच वेळी हजारो ताटं वाढू शकतं का, सगळ्यांनी एकदम आंघोळ केली तर गरम पाणी पुरतं का, हे रिकाम्या जहाजावर कळत नाही. म्हणून ही रंगीत तालीम.

मग पहिल्या काही सफरींत वेगळं काय जाणवतं?

वास. नव्या गालिच्याचा, रंगाचा, लाकडाला लावलेल्या पॉलिशचा. ज्यांना तीव्र वासाने डोकेदुखी होते त्यांनी बाल्कनीची किंवा उघड्या डेकजवळची केबिन घ्यावी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कर्मचारीसुद्धा त्या जहाजावर नवे असतात. ते अनुभवी असतात, दुसऱ्या जहाजांवर वर्षानुवर्षं काम केलेले असतात, पण या जहाजाचे जिने, दारं, कोठ्या त्यांनाही अजून सवयीच्या झालेल्या नसतात. माझ्या एका सफरीत वाचनालय कुठे आहे असं विचारल्यावर त्या तरुण कर्मचाऱ्याने खिशातून स्वतःच्या हाताने काढलेला नकाशा काढला आणि आम्ही दोघांनी मिळून वाचनालय शोधलं. तो चार दिवसांपासून जहाजावर होता. त्या दिवसापासून नव्या जहाजावर कुणाला काही विचारताना मी आधी नाव विचारते, मग रस्ता.

टर्मिनलवर किती वाजता पोहोचावं?

तुम्हाला दिलेल्या वेळेला. हल्ली चेक-इन ऑनलाइन करतानाच येण्याची वेळ निवडता येते. फार लवकर गेलात तर बाहेर रांगेत उभं राहावं लागतं, कारण सकाळी त्याच जहाजातून आधीच्या सफरीचे प्रवासी उतरत असतात. उशीर मात्र करू नका. चेक-इनची खिडकी जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधीच बंद होते आणि प्रवाशांची अंतिम यादी त्यानंतर तयार होते. विमानाने येणार असाल तर आदल्या दिवशी त्या शहरात मुक्काम करा. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही.

हातातल्या बॅगेत काय ठेवायचं?

मोठ्या बॅगा टर्मिनलवरच हमालांच्या ताब्यात जातात आणि केबिनच्या दारात संध्याकाळपर्यंत, कधी रात्रीच्या जेवणापर्यंत येतात. एका दिवसात हजारो बॅगा एक्स-रेतून काढून योग्य डेकवर, योग्य दारापाशी पोहोचवायच्या असतात. म्हणून मधल्या पाच-सहा तासांत जे लागेल ते सगळं हातात ठेवा: पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रं, रोजची औषधं, चष्मा, चार्जर, पोहण्याचे कपडे, मुलांचा एक जोड, एक स्वेटर किंवा शाल.

औषधं मोठ्या बॅगेत कधीही टाकू नका. ही चूक मी एकदा केली होती. रक्तदाबाची गोळी रात्री साडेनऊला हाती आली.

बॅगेवरची पट्टी घरी छापून लावायची असेल तर ती स्टेपलने पक्की करा आणि वरून पारदर्शक टेप लावा. केबिनचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून बॅगेच्या आतही ठेवा.

काय आणू नये?

इस्त्री, किटली, मेणबत्त्या, उदबत्त्या, म्हणजे ज्याने आग लागू शकते असं काहीही. एक्स-रेत दिसलं की ते काढून घेतात आणि सफर संपल्यावर परत देतात.

एका वस्तूबद्दल बहुतेकांना ठाऊक नसतं: विजेचा दाब वाढल्यास संरक्षण देणारे एक्स्टेन्शन बोर्ड. घरात ते उपयोगी असतात, जहाजावर धोक्याचे. जहाजावरची वीजजोडणी घरातल्यासारखी जमिनीशी बांधलेली नसते, त्यामुळे त्या बोर्डातलं संरक्षणच उलटून तापू शकतं आणि आग लागू शकते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याबद्दल मुद्दाम इशारा दिला होता. नव्या जहाजांच्या केबिनमध्ये पलंगाशेजारी यूएसबीची छिद्रं असतातच. तेवढी पुरतात.

केबिन दुपारपर्यंत मिळत नाही. तोवर काय करायचं?

चालायचं. सगळ्यात वरच्या डेकवर लिफ्टने जा आणि तिथून एकेक मजला जिन्याने खाली या. प्रत्येक मजल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक फेरी मारा. तासाभरात पूल, जेवणाची ठिकाणं, नाट्यगृह, दवाखाना, ग्राहक कक्ष, मुलांची जागा, सगळं नजरेखालून जातं. जहाज एवढं रिकामं आणि स्वच्छ तुम्हाला पुन्हा सात दिवसांत दिसणार नाही.

बहुतेक प्रवासी या वेळात थेट बुफेत जाऊन बसतात. तिथे तेव्हा सर्वांत जास्त गर्दी असते. दुसरी छोटी उपाहारगृहं किंवा मुख्य भोजनगृह उघडं आहे का ते विचारा. पुष्कळदा उघडं असतं आणि निम्मी टेबलं रिकामी असतात.

मी दर वेळी वाट चुकते. दिशा लक्षात ठेवायची कशी?

आधी दोन शब्द पाठ करा. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, म्हणजे नाळेकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला पोर्ट आणि उजव्या हाताला स्टारबोर्ड. पूर्वी जहाजाचं सुकाणू म्हणजे उजव्या कडेला बांधलेलं एक रुंद वल्हं असे. ते मोडू नये म्हणून जहाज डाव्या कडेने धक्क्याला लावत. सुकाणूची बाजू ती स्टारबोर्ड, बंदराची बाजू ती पोर्ट. रात्री पोर्टला लाल दिवा असतो, स्टारबोर्डला हिरवा. डावं-उजवं न म्हणता हे शब्द वापरण्याचं कारण सरळ आहे: तुम्ही कुणीकडेही तोंड केलंत तरी जहाजाच्या बाजू बदलत नाहीत.

केबिनच्या क्रमांकातले पहिले एक किंवा दोन आकडे डेकचे असतात. पुष्कळ जहाजांवर सम क्रमांक एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला असतात. तुमचा क्रमांक कुठल्या बाजूचा हे पहिल्याच फेरीत पाहून घ्या. काही जहाजांत गालिच्यावर मासे विणलेले असतात आणि ते सगळे नाळेच्या दिशेने पोहत असतात. १३ क्रमांकाचा डेक पुष्कळ जहाजांवर नसतोच. १२ नंतर थेट १४ येतो.

नव्या जहाजांत लिफ्टच्या आत बटणं नसण्याचीही शक्यता असते. बाहेरच्या पडद्यावर मजला निवडायचा आणि पडदा सांगेल त्या अक्षराच्या लिफ्टपाशी उभं राहायचं. सोबतच्या वयस्कर माणसांना हे आधी एकदा करून दाखवा. बंद लिफ्टमध्ये बटण न सापडल्याने माझ्या सासूबाई फार घाबरल्या होत्या.

केबिनमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा काय पाहायचं?

दाराच्या आतल्या बाजूचा नकाशा. त्यावर आणीबाणीत कुठून कुठे जायचं ते बाणांनी दाखवलेलं असतं. मग कपाटात लाइफजॅकेट आहेत का ते पाहा. पुष्कळ नव्या जहाजांत ती केबिनमध्ये ठेवत नाहीत, जमण्याच्या जागीच देतात. नसली तर घाबरू नका, पण खात्री करून घ्या. लहान मुलांच्या मापाची वेगळी असतात.

त्यानंतर सगळे नळ, फ्लश, दिवे, तिजोरी, वातानुकूलन आणि बाल्कनीचं कुलूप एकदा वापरून पाहा. काही चालत नसेल तर तेव्हाच कळवा. शौचकूप विमानातल्यासारखं हवेच्या दाबाने ओढणारं असतं, आवाज मोठा येतो. त्यात कागदाशिवाय काहीही टाकू नका, ओले वाइप्स तर नाहीच. एका केबिनमध्ये नळी तुंबली की तिच्यावरच्या सगळ्या केबिनींना त्रास होतो.

खोलीचे दिवे बहुधा दाराशेजारच्या खाचेत कार्ड घातल्यावर लागतात. भिंती पोलादी असल्याने लोहचुंबकाचे आकडे त्यांना छान चिकटतात. टोप्या आणि ओले पोहण्याचे कपडे अडकवायला चार-सहा घेऊन जा. रिकाम्या बॅगा पलंगाखाली जातात.

बाल्कनीचं दार आणि केबिनचं दार एकाच वेळी उघडू नका. वाऱ्याचा झोत असा येतो की दार आपटून बोट चिरडू शकतं. बाल्कनीच्या कठड्यावर टॉवेल वाळत घालू नका आणि तिथून पेटती सिगारेट खाली टाकणं तर कधीच नको. २३ मार्च २००६ च्या पहाटे 'स्टार प्रिन्सेस' जहाजाच्या बाल्कनींना आग लागली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. न विझवता टाकलेली सिगारेट हेच तिचं सर्वांत संभाव्य कारण तपासात पुढे आलं.

मस्टर ड्रिल चुकवली तर चालते का?

नाही. हा एक प्रश्न असा आहे की त्याला मी दुसरं उत्तर ऐकूनच घेत नाही.

मस्टर ड्रिल म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं याची तालीम. 'टायटॅनिक'वर २,२०० हून अधिक माणसं होती आणि बचाव होड्यांमध्ये जागा १,१७८ जणांची. १९१२ च्या त्या दुर्घटनेनंतर दोन वर्षांनी समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचंच आजचं रूप 'सोलास' या नावाने ओळखलं जातं. आज लांबच्या सफरी करणाऱ्या प्रवासी जहाजावर होड्या आणि तराफे मिळून एकूण माणसांच्या सव्वापट जागा ठेवावी लागते.

होड्या आल्या, पण माणसाला आपली होडी कुठे आहे हे ठाऊक असायला हवं ना? १३ जानेवारी २०१२ च्या रात्री 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं. जहाजावर ४,२०० हून अधिक माणसं होती, ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच संध्याकाळी चिवितावेक्कियाला चढलेल्या प्रवाशांची तालीम अजून झालेलीच नव्हती. चढल्यापासून २४ तासांत ती घ्यावी असा तेव्हाचा नियम होता, आणि ती दुसऱ्या दिवशी ठेवली होती. म्हणून नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी तालीम झालीच पाहिजे.

आता पुष्कळ जहाजांवर सगळ्यांना एकाच वेळी उभं करत नाहीत. फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर चित्रफीत पाहायची आणि मग आपल्या सोयीने जमण्याच्या जागी जाऊन कार्ड स्कॅन करून घ्यायचं. सोपं झालं आहे, आणि म्हणूनच लोक ते कार्ड पुढे करून मागे फिरतात. तसं करू नका. तिथे दोन मिनिटं थांबा. दार कुठे आहे, होड्या कुठल्या बाजूला, तुमच्या केबिनपासून जिन्याने किती मजले, हे बघा. मग केबिनपासून तिथपर्यंत एकदा प्रत्यक्ष चालत जा, लिफ्ट न वापरता. आग लागली तर लिफ्ट बंद असेल. आणि वाटेत मोजा, जिन्यापर्यंत किती दारं लागतात. धुरात दिसत नाही, पण हाताने दारं मोजता येतात.

खूण पाठ करा: भोंग्याचे सात आखूड आवाज आणि मग एक लांब. ती ऐकली की केबिनमध्ये सामान घ्यायला परत जायचं नाही.

मुलं वेगळ्या ठिकाणी खेळत असताना असा भोंगा वाजला तर?

हा प्रश्न पहिल्याच दिवशी मुलांच्या क्लबमध्ये जाऊन विचारा आणि उत्तर नीट ऐका. काही जहाजांवर लहान मुलांच्या मनगटावर जमण्याच्या जागेचा क्रमांक असलेली पट्टी बांधतात आणि क्लबमधले कर्मचारी मुलांना तिथेच घेऊन येतात. तुम्ही उलट दिशेने मुलांना शोधत पळू लागलात तर चुकामूक होते. क्लबची नोंदणीही पहिल्या दुपारीच करा, दुसऱ्या दिवशी रांग लागते.

बोट लागेल का?

बहुतेकांना लागत नाही. एवढ्या मोठ्या जहाजाच्या पोटापाशी दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात. समुद्र खवळला की ते बाहेर काढतात आणि जहाजाचं डावी-उजवीकडे झुलणं त्याने बरंच कमी होतं. पुढून येणाऱ्या लाटांवर नाळ वर-खाली होते, ते मात्र हे पंख थांबवू शकत नाहीत.

त्रास होणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. सी-सॉ आठवा, मधल्या भागाची हालचाल सर्वांत कमी असते. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी लागते, आणि कुठली घ्यायची हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, कारण यातल्या पुष्कळ गोळ्यांनी झोप येते आणि काही गोळ्या काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना चालत नाहीत. आल्याचा तुकडा चघळल्याने अनेकांना बरं वाटतं. उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत राहा. कान सांगतो हलतंय आणि डोळा सांगतो स्थिर आहे, या भांडणामुळे मळमळतं. क्षितिज दिसलं की दोघांचं जुळतं. खाली मान घालून फोन बघत बसणं हे सर्वांत वाईट.

एवढं मोठं जहाज, त्याचं वजन किती असतं?

माहितीपत्रकात जो टनांचा आकडा असतो तो वजनाचा नसतो. 'ग्रॉस टनेज' हे जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. 'टायटॅनिक'चा आकडा ४६,३२८ होता, 'आयकॉन ऑफ द सीज'चा २,४८,६६३. मोजण्याची पद्धत मधल्या काळात बदलली असली तरी जागा साधारण पाचपट झाली हे खरं. लांबी मात्र २६९ मीटरवरून ३६५ मीटरच झाली आहे. म्हणजे जहाजं लांब होण्यापेक्षा रुंद आणि उंच होत गेली.

जहाज सुटताना पाहण्यासारखं काय असतं? कुठे उभं राहावं?

पूलच्या डेकवर संगीत असतं, नाच असतो, गर्दीही तिथेच होते. मी धक्क्याच्या बाजूच्या कठड्याशी, शक्य तितकी पुढे, ब्रिजच्या जवळ उभी राहते. पहिल्या दिवसातला हा अर्धा तास मला सगळ्या सफरीत सर्वांत आवडतो.

ब्रिज म्हणजे जहाज चालवण्याची खोली. तिची दोन्ही टोकं जहाजाच्या बाजूंच्या बाहेर पंखासारखी आलेली असतात. सुटताना कप्तान मधल्या चाकापाशी नसतो, धक्क्याच्या बाजूच्या त्या टोकाला उभा असतो. सगळी नियंत्रणं तिथेही असतात आणि तिथून जहाजाची अख्खी कड सरळ रेषेत दिसते. खाली धक्क्यावरची माणसं खुंटांवरून जाड दोर सोडवतात, दोर पाण्यात पडतात आणि वर ओढले जातात. मग जहाज आडवं सरकू लागतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. नाळेपाशी पाण्याखाली आडवे बोगदे असतात, त्यांत पंखे असतात. मागच्या बाजूला अनेक नव्या जहाजांत सुकाणूचं पातंच नसतं. तिथे पूर्ण गोल फिरणारी विजेवर चालणारी यंत्रं असतात, ज्यांना अझिपॉड म्हणतात. क्रूझ जहाजांत ती पहिल्यांदा १९९८ मध्ये 'कार्निव्हल इलेशन'वर बसवली गेली. धक्का आणि जहाज यांच्यामध्ये पाणी हिरवं-पांढरं घुसळून निघतं आणि फट रुंदावत जाते.

डोलकाठीकडे पाहा. निम्मा पांढरा आणि निम्मा लाल झेंडा असेल तर त्याचा अर्थ, जहाजावर स्थानिक वाटाड्या आहे. त्याला पायलट म्हणतात. त्या बंदरातल्या वाळूच्या पट्ट्या, प्रवाह, खडक त्याला तोंडपाठ असतात. बंदराबाहेर पडलं की एक छोटी होडी जहाजाच्या कडेला येते, दोघांचा वेग जुळवते, आणि पायलट जहाजाच्या पोटातल्या दारातून दोराच्या शिडीने त्या होडीत उतरतो. जहाज थांबलेलं नसतं. तोवर वरचे बहुतेक प्रवासी जेवायला गेलेले असतात. तुम्ही थांबा, कठड्यावरून खाली बघा आणि तो उतरला की हात करा. तेही करतात.

किनारा किती वेळ दिसत राहतो?

उंचीवर अवलंबून आहे. समुद्रकाठी उभ्या माणसाला क्षितिज पाचएक किलोमीटरवर दिसतं. पाण्यापासून ४० मीटर उंच डेकवरून ते सुमारे साडेबावीस किलोमीटरवर जातं. डोंगर आणि उंच इमारती त्याहून लांबूनही दिसतात. जहाज २० नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटरने चाललं तर तासाभरात सखल किनारा मागे लपतो.

पहिल्याच दिवशी कसली आरक्षणं करावीत?

नाटकं आणि मोठे कार्यक्रम. नव्या जहाजावर सगळ्यांना तेच बघायचं असतं. शक्य असेल तर घरूनच ॲपवर करा. स्पा, पोहण्याचे वर्ग वगैरेंची घाई नको.

जेवणाचं पथ्य किंवा ॲलर्जी असेल तर कुणाला सांगायचं?

बुकिंग करताना कळवलेलं असलं तरी पहिल्या संध्याकाळी मुख्य भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगा. ते दुसऱ्या दिवसाची यादी आदल्या रात्री तुमच्यासमोर ठेवतात आणि तुम्ही निवडाल तो पदार्थ वेगळा करून देतात. नव्या जहाजावर कागदावरची नोंद स्वयंपाकघरापर्यंत पोहोचेलच यावर विसंबू नका.

आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा. दारात सॅनिटायझर असतो, पण जहाजांवर पसरणारा नोरोव्हायरस, ज्याने उलट्या-जुलाब होतात, त्याच्यावर तो पुरेसा चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी चालतं.

फोनचं काय करायचं?

जहाज सुटण्याआधी विमान मोडवर टाका आणि मग फक्त वाय-फाय चालू करा. तसं नाही केलं तर फोन आपोआप जहाजावरच्या उपग्रह जोडलेल्या मोबाइल नेटवर्कला लागतो आणि त्याचं बिल घरी आल्यावर कळतं. घड्याळही तपासा. जहाजाची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ वेगळी असू शकते, आणि पुढच्या बंदरात परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाने धरतात.

जहाजावर रोख पैसे लागतात का?

जवळपास नाहीच. केबिनचं कार्डच सगळीकडे चालतं आणि हिशेब शेवटी होतो. खात्याला डेबिट कार्ड जोडलंत तर काही रक्कम आधीच अडकवून ठेवतात आणि ती मोकळी व्हायला दिवस लागतात, म्हणून क्रेडिट कार्ड जोडा. रोजचं सेवाशुल्क तिकिटात धरलेलं आहे की वेगळं लागणार आहे, हे पहिल्याच दिवशी ग्राहक कक्षात विचारा.

काही बिघडलेलं निघालं तर तक्रार कशी करावी?

नव्या जहाजावर काही ना काही निघतंच. आमच्या एका केबिनमध्ये गरम आणि थंड पाण्याचे नळ उलटे जोडले होते. दुसऱ्या सफरीत बाल्कनीचं दार अर्ध्यावर अडकत होतं. दोन्ही वेळा केबिन सांभाळणाऱ्याला सांगितलं आणि त्याच संध्याकाळी कारागीर आला. पहिल्या काही महिन्यांत गोदीतले तंत्रज्ञही पुष्कळदा जहाजावरच असतात, त्यामुळे दुरुस्ती लवकर होते. आधी केबिन सांभाळणाऱ्याला सांगा, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झालं नाही तर ग्राहक कक्षात लेखी द्या. समाजमाध्यमांवर लिहिण्याआधी त्यांना एक संधी द्यावी असं मला मनापासून वाटतं. ती माणसं दिवसाला दहा-दहा तास, आठवड्याचे सातही दिवस राबतात.

रात्री आवाज आणि कंप जाणवतो, ते बरोबर आहे का?

बरोबर आहे. मागच्या टोकाच्या केबिनींना पंख्यांचा कंप जाणवतो, पुढच्यांना पहाटे बंदरात शिरताना नाळेतल्या यंत्रांचा घरघराट. नव्या जहाजात भिंतींचे सांधे अजून बसायचे असतात, त्यामुळे लाटांवर कुरकुर ऐकू येते. कुठला पट्टा वाजतोय ते सापडलं तर त्यात घडी केलेला कागद खोचा.

पहिल्या रात्री झोपण्याआधी काही करण्यासारखं आहे का?

सगळ्यात पुढच्या उघड्या डेकवर जा. तिथे दिवे मुद्दाम विझवलेले किंवा अगदी मंद ठेवलेले असतात, कारण वरच्या ब्रिजमधल्या माणसांना अंधारात समुद्र पाहायचा असतो. नाळेकडे तोंड असलेल्या केबिनींनाही रात्री पडदे ओढून घ्यायला सांगतात ते याच कारणाने. फोन खिशात ठेवा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा फोनचा पडदा उजळला की पुन्हा पहिल्यापासून. वारा जोराचा असतो, शाल न्या.